श्रमही मोजा, विश्रांतीही मोजा!

(मारतहळ्ळी, बंगळूर येथील भाषणाचा मजकूर)



आज आपण जेथे जमलो आहोत, त्या मारतहळ्ळीच्या लगतच्या बेळ्ळंदूर तलावातील गवताने १९ जानेवारी २०१८ रोजी पेट घेतला. अग्निशमन दलाबरोबर लष्कराचे जवानही त्या आगीशी कित्येक तास झुंजले. त्याआधी, २३ फेब्रुवारी २०१० रोजी, जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्सच्या आगीत ९ जणांचा बळी गेला होता. अशा प्रसंगी किती बंब आले, किती माणसे वाचली, याचा हिशेब होतो. आग विझवणाऱ्याच्या देहाने किती ताण सोसला, याचा हिशेब कोण ठेवतो?

जाड पोशाख, शिरस्त्राण आणि पाठीवरील हवेची टाकी यांचे ओझे सुमारे २० किलो भरते. घाम येतो, पण पोशाखाखाली तो वाळत नाही. शरीर तापते, पाणी घटून रक्त दाटते आणि हृदय आपल्या कमाल गतीच्या जवळ जाऊन धडधडू लागते. बाहेर आल्यावरही शरीरातील उष्णता काही काळ चढतच राहते.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष पाहा. तेथील जवानांचा प्रत्यक्ष आग विझवण्यात जाणारा वेळ १ ते ५ टक्केच. परंतु कामावर हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या वेळातले होते. म्हणजे ज्वाळांइतकाच अतिश्रमही घातक असतो.

उपाय अवघड नाहीत. तेथील प्रचलित मानकानुसार ३० मिनिटांच्या दोन टाक्या संपल्या की किमान २० मिनिटे विश्रांती सक्तीची असते. या काळात पोशाख उतरवायचा, पाणी प्यायचे, हात गार पाण्यात बुडवायचे आणि नाडी, रक्तदाब व तापमान तपासून घ्यायचे. मात्र बोटाला लावायच्या साध्या प्राणवायूमापकावर विसंबू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनला असला, तरी ते यंत्र प्राणवायू पुरेसा असल्याचेच दाखवते.

परंतु यंत्राहून महत्त्वाचा आहे तो अधिकाराचा प्रश्न. आत माणसे अडकलेली असताना ‘मी थकलो’ असे कोणताही जवान स्वतःहून म्हणणार नाही. म्हणून त्याला थांबवण्याचा अधिकार घटनास्थळी दुसऱ्या कोणाकडे तरी असला पाहिजे, आणि त्याची जागा घेणारी ताजी तुकडी तयार असली पाहिजे. पदे रिकामी ठेवून विश्रांतीचा नियम केला, तर तो कागदावरच राहील.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशमन जवान मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. स्फोटातील मृत्यू साऱ्यांना दिसतो; पाळी संपवून घरी गेल्यावर हृदय बंद पडलेल्या जवानाचा मृत्यू मात्र आगीच्या खात्यावर सहसा मांडला जात नाही. अमेरिकेने २००३ साली कायदा करून कामानंतरच्या २४ तासांतील अशा मृत्यूंनाही कर्तव्यावरील मृत्यू मानण्याची तरतूद केली.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट आहे: वार्षिक हृदयतपासणी, घटनास्थळी विश्रांतिकेंद्र, पुरेशी भरती आणि अतिश्रमाने झालेल्या मृत्यूची नोंद व भरपाई. जवानांच्या शौर्याचा गौरव जरूर व्हावा. पण शौर्याच्या नावाखाली त्यांचे आयुष्य खर्ची पडता कामा नये.