संशोधन, सेवा आणि हजेरीपटावरील खाडा



या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वान बोलून गेले. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली. आणि गणित पक्के झाले ते पगारपत्रके तपासताना. तेव्हा आजच्या विषयाकडे, म्हणजे स्वमग्न मुलांसाठी खर्च होणाऱ्या पैशाकडे, मी हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेनेच पाहणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक कामगार माझ्याकडे आला. खाडे फार झाले म्हणून त्याला नोटीस मिळाली होती. मी जरा कडकपणेच विचारले, "दारू का?" तो म्हणाला, "नाही भाऊ. पोरगा सहा वर्षांचा झाला, बोलत नाही. स्वमग्न आहे म्हणतात. आठवड्यातून दोनदा त्याला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यावे लागते. गर्दीच्या बसमध्ये तो बिथरतो, बायकोला एकटीला आवरत नाही." मी म्हटले, "हे घरचे काम झाले. युनियन यात काय करणार?" नोटिशीला उत्तर लिहून दिले, नोकरी वाचली. मुलाचे जाणे मात्र बंद पडले. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली, आणि मी वाचायला बसलो.

प्रथम संशोधनाच्या बाजूने बोलतो, कारण त्याचे उपकार विसरून चालणार नाही. लिओ कॅनर यांनी 1943 साली या अवस्थेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे बड्या बड्या पंडितांनी दोष आईच्या माथी मारला. ती थंड मनाची, म्हणून मूल असे झाले! हा कलंक कोणी पुसला? संशोधनाने. 1977 साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या 21 जोड्या तपासल्या आणि यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. 1998 साली अवघ्या 12 मुलांवरून लसीला दोष देणारा एक लेख लंडनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला; तो 2010 साली मागे घेण्यात आला. 2019 साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून, गोवराच्या लसीने स्वमग्नता येत नाही हे पुन्हा दाखवण्यात आले. संशोधनाला पैसा देऊ नका, असे म्हणणारा मनुष्य आयांचा मित्र नव्हे.

पण मग हिशेब पाहा. 2013 साली लंडनच्या पेलिकानो, डिन्समोर आणि चार्मन या अभ्यासकांनी ब्रिटनमधील स्वमग्नता-संशोधनाचा पैसा कोठे गेला ते मोजले. 2007 ते 2011 या काळात शंभर पौंडांतले 56 पौंड मेंदू, जीवशास्त्र व आकलन यांच्या अभ्यासाला गेले. सेवा कशा द्याव्यात याच्या अभ्यासाला 5, आणि समाजाने कसे वागावे याच्या अभ्यासाला 1. त्यांनी स्वमग्न माणसांना व त्यांच्या कुटुंबांना विचारले, तेव्हा उत्तर आले की रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असे काही शोधा. कामगाराला न विचारता कामगार-कल्याणाची योजना आखावी, तसलाच हा प्रकार झाला.

येथे एक चूक टाळली पाहिजे. पुष्कळांना वाटते, प्रयोगशाळेचे पैसे कापले की ते शाळेला मिळतील. मित्रहो, तसे होत नाही. संशोधनाचा खिसा निराळा, सेवेचा निराळा. एका खिशातून काढलेले पैसे दुसऱ्यात आपोआप पडत नाहीत. ते मागावे लागतात. शास्त्रज्ञाशी भांडून बाईंचा पगार वाढणार नाही.

आणि दोन्हींचा मेळ घालता येतो, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून एक प्रयोग झाला. तो 2016 साली प्रसिद्ध झाला. मुले 65. तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेले साधे आरोग्यसेवक आईबापांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकवत. आईबापांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून अधिक संवाद करू लागली. आजार बरा झाला असा दावा कोणी केला नाही. पण हेही संशोधनच होते, आणि त्याचे फळ थेट घरात पोहोचले.

आता आपला देश. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्यास सांगितले. ते प्रकरण उभे राहिले त्यातही कंत्राटी शिक्षकांचाच प्रश्न होता. अनोळखी चेहऱ्याशी जुळवून घ्यायला ज्या मुलाला वर्ष लागते, त्याच्यासमोर दर अकरा महिन्यांनी नवा चेहरा उभा करायचा, याला सेवा म्हणायचे काय? शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती ही त्या मुलाचीच गरज आहे. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. गेटवरच्या अनुभवाने शिकवले.

तीच गोष्ट रजेची. केंद्र सरकारच्या महिला नोकरदारांना मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत 730 दिवसांची रजा मिळते, आणि ठराविक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलासाठी वयाची अट नाही. चांगली तरतूद आहे. पण यंत्रमागावरचा बाप, घरकाम करणारी आई, कंत्राटी सफाई कामगार यांना काय? त्यांच्या हजेरीपटावर खाडाच लागतो.

तेव्हा माझे मागणे एवढेच. संशोधनाचा पैसा चालू राहो, पण तो कोठे जावा हे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत स्वमग्न माणसे व त्यांचे आईबाप बसलेले असोत. सेवेचा पैसा त्यातून कापून नव्हे, स्वतंत्र हक्काने मिळो. आणि आपण, या शहराचे नागरिक, नगरपालिकेच्या शाळेत विशेष शिक्षकाचे पद भरले आहे की नाही एवढे तरी जाऊन विचारू या.

आमच्या मागच्या करारात अशा पालकांसाठी आठवड्यातून दोनदा अर्ध्या दिवसाची पगारी सवड मिळाली. त्या कामगाराने सहीखालचा कागद वाचला आणि म्हणाला, "भाऊ, चांगले झाले. पुढच्यांना होईल." त्याचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा झाला होता. मधली आठ वर्षे कोणत्याही खिशातून परत देता येत नाहीत. त्यांतला माझा वाटा मी मान्य करतो, आणि आपली रजा घेतो.