प्रयोगाच्या आधी आणि नंतर



 प्रयोगांतल्या प्राण्यांविषयीची ही परिषद परळला भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय इथे सुरू झाले आणि १८९९ मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा इथल्याच जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. एक विद्या जनावराला बरे करण्याची, दुसरी माणसाला वाचवण्यासाठी जनावराच्या देहावर अवलंबून असलेली. शंभराहून अधिक वर्षे दोघी शेजारणी म्हणून नांदल्या आहेत. दोघींनी मिळून सोडवायचा एक प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे: प्रयोगासाठी ठेवलेला प्राणी कसा जगतो.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले आणि त्या प्रयत्नांची परिणती १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात झाली. प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे कर्तव्य सांगताना त्या कायद्याने तीन वेळा मोजल्या आहेत: प्रयोगापूर्वी, प्रयोग चालू असताना आणि प्रयोगानंतर. या तिन्ही वेळी प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत, असे तो म्हणतो. आपले बहुतेक लक्ष मधल्या वेळेवर असते. किती प्राणी लागतील, भूल कोणती, शेवट कसा करणार, हे संस्थेची नीती समिती प्रस्तावात तपासते, आणि ते तपासायलाच हवे. पण उंदराला सुई टोचायला क्षणभर लागतो. उरलेले दिवस आणि रात्री तो पिंजऱ्यात काढतो. तिथे भुसा ओला आहे का, घरटे करायला काही आहे का, त्याला उचलणारा हात कसा आहे, यावर त्याचे जगणे ठरते. मानके सुधारायची असतील तर ती या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या तासांत सुधारली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

याला केवळ दयेचा आधार नाही, पुरावाही आहे. पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळांत उंदीर शेपटीला धरून उचलला जातो. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट या संशोधकांनी इंग्लंडमध्ये हीच रीत तपासली. शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळत होते, अधिक भेदरलेले होते. पारदर्शक नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर मात्र आपणहून हाताजवळ येत होते. २०१७ मध्ये केली गुव्हेया आणि हर्स्ट यांनी दाखवले की शेपटीने हाताळलेले उंदीर चाचणीत समोर ठेवलेल्या वासाकडेही धड फिरकत नाहीत, आणि मग त्यांना वास ओळखता येतो की नाही हेच कळत नाही. म्हणजे कागदावर आकडा उतरतो, पण तो औषधाचा की भीतीचा, हे सांगता येत नाही. अशा आकड्यासाठी गेलेला जीव वायाच गेला. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि रीत सौम्य करणे ही तीन तत्त्वे मांडली. सौम्य रीत आली की संख्याही घटण्याची वाट मोकळी होते.

यावर आक्षेप आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पिंजऱ्यात आडोसा, घरट्याचे साहित्य दिले तर प्राण्याप्राण्यांत फरक वाढेल, प्रयोगाची एकसारखी परिस्थिती बिघडेल, असे अनेक संशोधकांना वाटते. २००४ साली तीन प्रयोगशाळांनी मिळून हे पडताळले. अशा समृद्ध पिंजऱ्यांमुळे निकालांतली तफावत वाढली नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: माणसाचा जीव आधी. शेतात फुरसे किंवा घोणस चावलेल्या मजुराला प्रतिविष लागते, ते घोड्याच्या रक्तातून येते, आणि त्याची ताकद उंदरांवर तपासली जाते. हे आज थांबवा, असे मी म्हणणार नाही. पण त्या मजुराचा जीव ज्या घोड्याच्या रक्तावर अवलंबून आहे, त्याच घोड्याच्या चाऱ्यात, विश्रांतीत, उपचारात कसूर करायला त्या मजुराचे नाव पुढे करता येत नाही. तिसरी बाजू म्हणते, चांगला पिंजराही पिंजराच, प्राणी वापरणेच सोडा. त्यांचे बोट योग्य दिशेला आहे. २०२३ साली आपल्या औषधविषयक नियमांत पेशींवरच्या आणि इतर प्राणीविरहित पद्धतींना जागा मिळाली. ती वाट रुंद करू या. पण पर्याय येईल त्या दिवसाची वाट पाहत आजचा प्राणी ओल्या भुशावर बसू शकत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर उंदीर उचलायच्या नळीला फारसे पैसे पडत नाहीत. पैसा लागतो तो माणसावर. पिंजरे धुणारा, पाणी बदलणारा, कोणता उंदीर आज पाठ वाकवून कोपऱ्यात बसला आहे हे सर्वांआधी ओळखणारा परिचर अनेक ठिकाणी कंत्राटी असतो. त्याला प्रशिक्षण नसते, आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवायला वहीत रकानाही नसतो. म्हणून या परिषदेत परिचरांना प्रतिनिधी म्हणून बोलावले आहे. उद्या सकाळचे पहिले सत्र त्यांचे आहे. त्यात ते बोलतील आणि आपण बाकीचे ऐकू. त्यांचे इथे विशेष स्वागत करतो.