मुलग्याला दिलेली सूट

(पालकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मेळावा पालकांचा, असे पत्रकात छापले होते. समोर मात्र बहुतेक माताच बसलेल्या आहेत. तेव्हा बोलावयाचे ते तुमच्याशीच. वडिलांच्या वाट्याचे जे असेल ते तुम्ही घरी जाऊन त्यांना ऐकवालच.

आपल्या घरांत एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते: 'त्याला काय, मुलगाच तर आहे!' ताट तसेच टाकून उठला, मुलगाच आहे. रात्री दहाला परतला, मुलगाच आहे. लाडाचे वाटणारे हे वाक्य दुधारी आहे. त्याने मुलाला कामातून सूट मिळते, आणि त्याच वाक्याच्या आधाराने त्याच्याकडे लक्ष देण्यातून आपण स्वतःलाही सूट देतो.

आधी कामाचे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. तीत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 81 जणी बिनमोबदल्याचे घरकाम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण शंभरात 26. जे हे काम करतात त्यांतही स्त्रीची रोजची सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषाची 97. हा हिशेब लग्नानंतरचा नव्हे. पहिलीत नाव घालण्याच्या वयापासूनचा आहे.

यावर उपाय म्हणून हल्ली काही घरांत 'आईला मदत कर' असे सांगतात. माझा आक्षेप आहे तो या 'मदत' शब्दालाच. मदत ही दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. म्हणजे घर आईचे, आणि हा त्यात उपकारापुरता हात लावणार! त्याऐवजी एखादे काम संपूर्ण त्याच्या नावावर करा. सात-आठ वर्षांचा असेल तर पिण्याचे पाणी भरणे, ताटे मांडणे आणि उचलणे. दहा-अकराचा झाला की रात्रीचा भात त्याचा: तांदूळ निवडण्यापासून कुकर घासण्यापर्यंत. तांदूळ संपत आले आहेत, हे सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. आठवण ठेवण्याचे ओझे तुमच्या डोक्यावर राहिले, तर काम तुमचेच राहिले असे समजा.

पहिले पंधरा दिवस भात कधी कच्चा राहील, कधी त्याची खीर होईल. तो सर्वांनी मुकाट्याने खावा. 'सरक, तुला नाही जमायचे' असे म्हणून तुम्ही पळी हातात घेतलीत की त्याची सुटका झाली, आणि पुरुषमंडळी ही युक्ती जन्मभर वापरतात. आणखी एक पथ्य आहे. शेजारणीपुढे त्याचे कौतुक करीत बसू नका. त्याच्या बहिणीने भात लावला म्हणून कोणी टाळ्या वाजविल्या होत्या?

सासूबाई म्हणतील, 'पोराला बायकी करतेस!' त्यांना एवढेच विचारा, की लग्नाच्या मांडवात पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी कोण असतो? मजुरी मिळाली की तो धंदा, न मिळाली की ते बायकी काम. खरा भेद येथे आहे. साने गुरुजींच्या श्यामलाही पत्रावळ लावायला शिकावेच लागले होते. 'श्यामची आई' घरोघरी आहे, पण त्यातील कामापेक्षा रडणेच आपण अधिक लक्षात ठेवले.

आणि तेही आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ दिले नाही. 'मुलीसारखा रडतोस काय?' हे पाचव्या वर्षीच ऐकलेला मुलगा पंधराव्या वर्षी मनातले काही सांगत नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्याचा आवाज फुटतो, झोपेत वीर्यस्खलन होते, तो घाबरतो. आणि हा आजार नव्हे एवढेही सांगणारे घरात कोणी नसते. मग भिंतीवर जाहिराती रंगविणारे वैदू आणि हातातला मोबाइल त्याला शहाणपण शिकवितात. वडील बोलत नसतील तर तुम्ही बोला. मासिक पाळीविषयीही सांगा. दुकानातून पॅड आणावयास त्याला पाठवा, आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणण्याची गरज नाही हेही सांगा.

याहून गंभीर गोष्ट आता सांगतो. मुलीला आपण सावध करतो. मुलाला एकटा कोठेही धाडतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 12,447 बालकांशी बोलणे झाले होते. निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि असे सांगणाऱ्यांत 52.94 टक्के मुलगे होते. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. तो भेद आपल्या मनात आहे.

म्हणून आंघोळ घालण्याच्या वयातच त्याला सांगा, की या अवयवांना दुसऱ्याने हात लावावयाचा नाही. मग तो शिकवणीचे सर असो, गाडीवाला काका असो की आपला मामा असो. अमक्याच्या घरी जाणार नाही म्हणून तो हट्ट धरून बसला, तर धपाटा घालण्यापूर्वी कारण विचारा. त्याने काही सांगितले तर 'तू ओरडला का नाहीस?' हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. 'तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही' हे पहिले वाक्य असू द्या. नातलगांत बोभाटा होईल म्हणून प्रकरण दडपू नका. बालकांसाठी असलेला 1098 हा मदतक्रमांक आजच घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, सिलिंडरवाल्याच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवा. आणि तो त्याच्याच हातून लिहवून घ्या.