दोन चौकटींच्या मध्ये

माजघरातला झोपाळा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. टोकाशी जाऊन तो क्षणभर थबकतो, मग हळूहळू वेग घेतो, मध्यावर सर्वांत जोरात असतो आणि दुसऱ्या टोकाशी पुन्हा मंदावतो. आता कल्पना करा, की तोच झोपाळा सारख्याच वेगाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि तेथून एकदम उलट फिरला. टोके तीच, वेळही तेवढाच. पण त्याला झोपाळा कोण म्हणेल?

संगणकावर चित्रपटाचे संकलन करणाऱ्यापुढे हाच प्रश्न रोज असतो. एखादे शीर्षक पडद्याच्या डावीकडून मध्यावर आणायचे आहे. तो काळाच्या पट्टीवर दोन खुणा करतो : या क्षणी अक्षरे येथे, त्या क्षणी तेथे. या खुणांना कीफ्रेम म्हणतात. आपल्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चौकटी सरकतात. म्हणजे सेकंदभराच्या हालचालीची दोन टोके माणसाने सांगायची आणि मधल्या २४ चौकटी यंत्राने भरायच्या.

ही वाटणी संगणकाहून जुनी आहे. हाताने चित्रे काढून चित्रपट करणाऱ्या डिस्नेसारख्या संस्थांत मुख्य चित्रकार हालचालीतली निर्णायक चित्रे तेवढी काढी; मधली साहाय्यकांकडे जात. मात्र ती देताना तो कागदाच्या कडेला एक लहानशी पट्टी रेखी आणि मधली चित्रे कोठे दाट, कोठे विरळ हवीत हे तिच्यावर दाखवी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी साहाय्यकांचे हे काम संगणकाला शिकविले. त्याच साधनाने पीटर फोल्डेस यांनी केलेला ‘हंगर’ हा लघुपट १९७४ साली आला.

यंत्राला मधल्या चौकटी भरता येतात. पण कोठे दाट आणि कोठे विरळ, हे त्याला कोणी सांगावयाचे? न सांगितल्यास ते सारखी वाटणी करते. म्हणून संकलक आलेख उघडतो. आडवा काळ, उभे स्थान. सरळ रेषा म्हणजे एकसारखा वेग. खुणेशी असलेली दांडी ओढली की रेषा वाकते. ती आडवी पडेल तेथे गती मंद, उभी चढेल तेथे जलद. रेनोच्या मोटारींचे बाक रेखण्यासाठी पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात जी वक्ररेषा प्रचारात आणली, तीच ही. कडेची ती जुनी पट्टीच जणू येथे नव्या रूपाने परत आली आहे.

आता एका कळीसरशी सगळ्या रेषांची टोके गुळगुळीत करता येतात, आणि नवशिके ती कळ फार दाबतात. मला ही सवय घातक वाटते. वरून पडणारा चेंडू जमिनीला लागतो त्या क्षणी सर्वांत वेगात असतो. तेथे रेषेला तीक्ष्ण कोनच हवा. तेथे तो मंदावला, तर पाहणाऱ्याला चेंडू न दिसता फुगा दिसतो. आणि चित्रपटाच्या अखेरीस वर सरकणारी नामावली तर सरळ रेषेवरच सोडावी. तिचा वेग मध्येच बदलला, की वाचणाऱ्याची ओळ चुकते.