मागच्या रांगेतली घंटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला ‘आपल्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं’ बोलायला सांगितलं आहे. माझ्या आधी हृदयाची ऑपरेशन्स करणारा डॉक्टर बोलला, धरणावर काम केलेली इंजिनिअर बोलली. माझी नोकरी वीज मंडळातली. पण थकीत बिलांची वसुली हा विषय जेवणाआधी नको. नोकरी सांभाळून सव्वीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम वाजवला. त्यातल्या एका वाद्याविषयी बोलतो. त्याचं नाव काउबेल.

काउबेल म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा, फक्त आतला लोलक काढलेली. पत्र्याची, चपटी, तोंडाशी रुंद. स्टँडला किंवा ड्रमला पकडीने अडकवायची आणि काठीने वाजवायची. तोंडाच्या कडेवर काठीच्या जाड बाजूने मारलं की मोकळा आवाज येतो, बंद टोकाकडे मारलं की बारीक आणि तुटक. आवाज लांबू नये म्हणून कोणी चिकटपट्टी लावतं, कोणी आत कापड कोंबतं. एवढंच. सूर जुळवायला नको, रियाजाला तानपुरा नको. आमच्या घरी ही पहिल्यांदा आणली तेव्हा आईने विचारलं, “म्हैस कुठे आहे?”

ही घंटा रॉक संगीतात मात्र थेट गोठ्यातून आली नाही. ती दोन वाटांनी आली. एक वाट अमेरिकेतल्या नाचाच्या बँडची. १९२०च्या दशकात तिथले ड्रमर मोठ्या ड्रमवरच घंटा, लाकडी ठोकळे असं सामान अडकवून बसत. दुसरी वाट क्यूबाची. तिथल्या ‘सोन’ या गाण्याच्या प्रकारात उत्तरार्धात रंग चढला की बोंगो वाजवणारा बोंगो बाजूला ठेवतो आणि घंटा हातात घेतो. १९४०च्या दशकात आर्सेनियो रॉद्रिगेझ या अंध संगीतकाराच्या वाद्यवृंदाने ही पद्धत पक्की केली. त्याच्याही मागे पश्चिम आफ्रिकेतल्या लोखंडी घंटा आहेत. घाना-टोगोकडच्या एवे लोकांत सगळे ढोल एका जोडघंटेच्या ठेक्यावर चालतात. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसांना बरोबर काही नेता आलं नाही, पण तो ठेका त्यांच्या डोक्यात होता. १९६९ साली वुडस्टॉकच्या मैदानावर सांतानाचा बँड वाजला, तेव्हा चेपितो आरेआस यांच्या तिंबालेस ड्रमबरोबर ही क्यूबाची वाट लाखो रॉक ऐकणाऱ्यांसमोर आली.

पण एवढ्या मोठ्या आवाजाच्या संगीताला हिची गरज काय? रॉकमध्ये खाली बास गिटार आणि ड्रमचा दणका, मध्ये गिटारी आणि गायक, वर सिंबलचा पसरणारा आवाज. काउबेलचा आवाज कोरडा आणि टोकदार. पटकन उठतो, पटकन संपतो. म्हणून कितीही गर्दीत कान तो टिपतो. भजनात पखवाज कितीही घुमू दे, मंडळी चालतात टाळावरच. तसंच हे.

बीटल्सचं १९६४चं ‘अ हार्ड डेज नाइट’ ऐका, १९६५चं ‘ड्राइव्ह माय कार’ ऐका. दोन्हींत ती आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६९च्या ‘हाँकी टाँक विमेन’ची सुरुवातच काउबेलने होते, आणि ती बँडमधल्या कोणी नाही, निर्माते जिमी मिलर यांनी वाजवली आहे. माउंटन या बँडच्या १९७०च्या ‘मिसिसिपी क्वीन’ची गोष्ट तर आम्हा वाजवणाऱ्यांची लाडकी. निर्माते फेलिक्स पापालार्दी एकामागून एक टेक करायला लावत होते. कंटाळलेल्या कॉर्की लेंग या ड्रमरने इतरांना उठवण्यासाठी काउबेलवर मोजणी द्यायला सुरुवात केली. पापालार्दींना ती इतकी आवडली की त्यांनी ती गाण्यात तशीच ठेवली. आज गाणं ओळखतात ते त्या टोल्यांवरून.

आणि सगळ्यात प्रसिद्ध घंटा ब्लू ऑयस्टर कल्टच्या १९७६च्या ‘डोन्ट फिअर द रीपर’मधली. मृत्यूविषयीचं शांत, गूढ गाणं. त्यात काउबेल अगदी मागे, मात्रेमात्रेवर चालत राहते. पुढे ८ एप्रिल २००० रोजी अमेरिकेच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात त्यावर एक प्रहसन झालं. आखूड शर्टातून पोट बाहेर आलेला विल फेरेल बेभान होऊन घंटा बडवतो, बाकीचे वैतागतात, आणि निर्माता झालेला क्रिस्टोफर वॉकन गंभीर चेहऱ्याने आणखी काउबेल मागत राहतो. तेव्हापासून ‘आणखी काउबेल’ हा जगभरचा विनोद झाला. मलाही ते पाहून हसू येतं. पण खऱ्या गाण्यात ती मुळीच बडवलेली नाही. लक्ष देऊन ऐकावी लागते, आणि काढून टाकली तर गाणं सैल पडेल.

आता खरी गंमत ऐका. प्रहसनातल्या घंटावाल्याला नाव आहे, जीन फ्रेंकल. ते पात्र सर्वस्वी काल्पनिक. आणि खऱ्या गाण्यात घंटा कोणी वाजवली? बँडचे बासवादक जो बुशार्ड सांगतात की त्यांचा भाऊ, ड्रमर अल्बर्ट याने घंटेला चिकटपट्टी गुंडाळून वाजवली. निर्माते डेव्हिड ल्युकस सांगतात, मी वाजवली. इतकं गाजलेलं गाणं, आणि त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या टोल्यांच्या धन्यावर एकमत नाही. नसलेल्या माणसाचं नाव जगाला पाठ आहे, असलेल्याचा वाद चालू आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमचे साइड ऱ्हिदमवाले आठवले. निवेदक गायकांची ओळख करून द्यायचा, मग कीबोर्ड, गिटार, तबला, ढोलकी. आमच्यापर्यंत आला की ‘आणि साथीदार’. मानधनाचं पाकीटही सगळ्यात पातळ. एकच माणूस काउबेल, खंजिरी, मराकस, घुंगरू, सगळं सांभाळायचा. मग यंत्रं आली. रोलँड कंपनीच्या १९८०च्या ‘टीआर-८०८’ यंत्रात तर काउबेल म्हणजे ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन विद्युत लहरी एकत्र केलेल्या, पत्र्याशी संबंध नाही. ऐकायला वाईट नाही. पुढे कितीतरी गाण्यांना त्याच आवाजाने ओळख दिली. आमच्याकडे ऑक्टोपॅड आला. एक माणूस आठ पॅडवर सगळं वाजवू लागला आणि स्टेजवरची आमची खुर्ची उचलली गेली. यंत्राशी माझं भांडण नाही. पण माझ्याबरोबर वाजवणाऱ्या दोघांचं घर त्या पाकिटावर चालायचं. त्यांतल्या एकाने पुढे रिक्षा घेतली, दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. ज्या कॅसेटवर त्यांचा हात ऐकू येतो, तिच्या वेष्टनावर त्यांचं नाव नाही.

म्हणून ही स्मरणिका निघतेय म्हटल्यावर मी संपादक मंडळाकडे एक मागणी घेऊन गेलो. आपली शाळा ज्या ठोक्यावर चालायची, तो व्हरांड्यातल्या पितळी तासाचा. त्यालाही लोलक नव्हता. लाकडी हातोडी घेऊन ठरल्या मिनिटाला टोल द्यायचे ते आपले मामा. पाऊस असो, तपासणी असो, परीक्षा असो. आपण त्यांना मामा म्हटलं, आपल्या थोरल्या भावंडांनीही मामाच म्हटलं. पूर्ण नाव कोणाला आठवतंय, हात वर करा.

बघा. दीडशे माणसांत तीन हात.

शाळेच्या कचेरीत जुने हजेरीपट आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी आणि आपल्या तुकडीतले दोघं चार शनिवार तिथे बसलो. मामांचं नाव मिळालं. प्रयोगशाळेतल्या काकांचं, पाणी भरणाऱ्या मावशींचं, ग्रंथालयात पुस्तकं बांधणाऱ्या दादांचंही मिळालं. एकूण अकरा शिक्षकेतर सेवक. ती सगळी नावं या स्मरणिकेत गुरुजनांच्या यादीला लागून, त्याच टायपात छापायची असं मंडळाने कबूल केलं आहे. चार जणांचे फोटो अजून नाहीत. कोणाच्या घरी स्नेहसंमेलनाचे जुने फोटो असतील तर मागच्या रांगा नीट पाहा, आणि सापडले की जेवणाच्या वेळी मला गाठा. मी वाढप्यांच्या टेबलाजवळ आहे.