घरातील ओल आणि बुरशी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांनी कोकणातील जुन्या कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे बांधली, कित्येकांनी कर्ज काढून मुंबई-ठाण्यास सदनिका घेतल्या. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु श्रावणात अशा घरी पाऊल टाकावे, तो कपाटामागे काळे डाग, अंथरुणास कुबट वास आणि ठेवणीतल्या शालूवर पांढरा बुरा, असे चित्र दिसते.

इतरांचे कशाला, आमचेच सांगतो. घराच्या पश्चिमेकडील खोलीस आम्ही ओळीने चार दिवाळ्या रंग दिला आणि चारही वेळा आषाढ सरण्यापूर्वी डाग परत आले. रंगाऱ्यास दोष दिला, रंगास दिला, आणि अखेर सूनबाई ओले कपडे आत वाळत घालतात म्हणून त्यांसही दिला. पाचव्या वर्षी एका वृद्ध गवंड्याने खिडकीवरील छज्ज्याकडे बोट दाखविले. त्याचा ढाळ बाहेर असावयाचा तो भिंतीकडे होता, आणि सांध्यात बारीक भेग होती. दुरुस्तीस एका रंगकामाइतकाही खर्च आला नाही. सूनबाईंची क्षमा मात्र मागावी लागली.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांस दार बंद करता येत नाही. लाकूड, कागद, रंग, भिंतीवरील धूळ हे त्यांचे अन्न, आणि तेही घरोघर असतेच. आपल्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. घरातील हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली, तर बुरशी सहसा धरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरचीच आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. म्हणून थोड्याशा गळतीचेही येथे मोठे संकट होते.

पाणी तीन वाटांनी येते: वरून, जमिनीतून आणि घरातूनच. वाट ओळखण्याचा एक सोपा उपाय असा. भिंतीच्या ओलसर भागावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या, म्हणजे भिंतीकडील बाजूस दव धरले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस धरले तर ती घरातील वाफेची आहे. तसेच लोणा आणि बुरशी एक समजू नये. लोणा हा क्षार असून पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही.

जे बंधू बांधकामाच्या व्यवसायात आहेत, त्यांस आमची विनंती आहे. जोत्यावर ओलरोधक थर घालण्यात काटकसर करू नये, कारण वीट आणि जांभा दोन्ही जमिनीतील पाणी वर ओढतात. गच्चीस पुरेसा ढाळ द्यावा, कठड्याचा सांधा गोलाईने भरावा, आणि गच्चीवर पाणी साठवून चाचणी घेतल्याशिवाय ताबा देऊ नये. छज्ज्याच्या खालच्या कडेस खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तेथेच तुटून पडते. गिलावा पुरता वाळल्याखेरीज रंग देऊ नये.

घरमालकांनी ध्यानात ठेवावे की, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. लहानसा डाग असेल तर तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासावा आणि जागा कोरडी करावी. वरून रंग फासणे हा उपाय नव्हे. मेलेली बुरशीही श्वासास बाधते, दमेकऱ्यास तर विशेष.

इंग्लंडात रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे एक मूल दगावले. घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेला श्वसनविकार हे त्याचे कारण, असा निर्णय २०२२ साली मृत्युचौकशीत दिला गेला. आईबापांनी तक्रारी केल्या होत्या; घर देणाऱ्या संस्थेने त्यांच्या राहणीस बोल लावला होता. हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्या सूनबाई आठवल्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्या वसतिगृहाच्या तळमजल्यावरील मागच्या तीन खोल्या यंदा रंगविण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्या खोल्यांच्या भिंतीलगतचा पावसाळी नळ फुटलेला आहे. तेथे राहणारी मुले खेड्यांतून आलेली, संस्थेच्या उपकारांखाली दबलेली. ती खोकतील, परंतु तक्रार करणार नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने आम्ही मागतो: आधी नळ बदला, भिंत वाळू द्या, रंग पुढल्या वर्षी द्या. दात्यांच्या नावाची पाटी ओल्या भिंतीवर शोभणार नाही.