दोडक्याचा मांडव



आज बोलावयाचे ठरले तेव्हा विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न आम्हां उभयतांना पडलाच नाही. मोहन नगरातील आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने फाटकाशी मान लववून मांडवाखालून प्रवेश केलेला आहे. तो मांडव दोडक्याचा.

1956 पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्यामागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. आमच्याबरोबर वर्ध्याच्या घरचे दोडक्याचे बियाणेही आले, लुगड्याच्या चिंधीत बांधलेले. पहिला वेल पाहून शेजारणीने ‘डोड़का’ म्हटले आणि आमचा निम्मा परकेपणा सरला. हिंदीतली तोरई छत्तीसगढीत डोड़का! दुधीला मात्र त्या तुमा म्हणत आणि लाल भोपळ्याला मखना; तेथे आमचे बरेच दिवस अडले.

अंगणातील जमीन मुरमाड. म्हणून हातभर खोल, तितकाच रुंद खड्डा घेऊन शेणखत व चांगली माती भरावी. रात्रभर भिजविलेल्या दोन-तीन बिया टोकाव्या, आठवड्याने उगवतील. त्यांतले एकच जोमदार रोप राखावे. पावसाळी लागण जून-जुलैत, उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत. मांडव हवाच. जमिनीवर लोळणारी फळे वाकडी होतात, कुजतात. लोंबणारी सरळ वाढतात. आरंभीची फुले झुपक्याने येतात आणि गळून जातात. ती नरफुले होत. आम्ही पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी उगाच हळहळलो. मादीफूल एकेकटे येते व त्याच्या पाठीशी इवलासा दोडका असतो. घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे संध्याकाळी. कचेरीतून परतण्याच्या सुमारास सारा मांडव पिवळा झालेला दिसे.

फळमाशी ही या वेलाची खरी वैरीण. तिने डंखलेले फळ पिवळे पडते, आत अळ्या होतात. असे फळ उकिरड्यावर न टाकता खोल पुरावे. कोवळ्या फळांना कागदी पिशव्या बांधल्या की बराच बचाव होतो.

फूल उमलल्यापासून सहा-सात दिवसांत फळ तोडावे. शिरेवर नख सहज रुतले पाहिजे. जून फळे राखली की वेल नवी धरताना हात आखडतो. भाजीसाठी चणाडाळ आधी भिजवावी. मोहरी, जिरे, लसणाच्या फोडणीवर डाळ आणि फोडी परताव्या. पाणी घालू नये, झाकणावर मात्र ठेवावे. ही भाजी फार आळते, म्हणून मीठ शेवटी. उतरताना दाण्याचे कूट. आणि शिरा फेकणाऱ्या गृहिणीस आम्ही क्षमा करीत नाही! त्या बारीक चिरून तेलावर कुरकुरीत कराव्या; तीळ, सुके खोबरे, मिरची, लसूण घालून चटणी कुटावी. गरम भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. एका पावसाळ्यात घरचाच दोडका, पण पहिला घास कडूजहर लागला. पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून गूळ घालण्याचा विचारही झाला. सुदैवाने तसे केले नाही. हा कडवटपणा विषारी द्रव्याचा असतो, तो शिजवून वा गूळ घालून जात नाही. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. म्हणून फळाची लहानशी चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागल्यास थुंकावी आणि ते फळ टाकून द्यावे.

कारण पुढे उमगले. मागील वर्षी शेजारच्या मोकळ्या जागेत रानची कडू दोडकी चढली होती. तिचा पराग कीटकांनी आमच्या फुलांवर आणला. त्या वर्षीची फळे गोडच होती, परंतु बियांत संकर शिरला तो पुढल्या वेलावर प्रकटला. वर्ध्याचे सारे बियाणे त्याच फळांचे. ते जाळले, तेव्हा घरात कोणी फारसे बोलले नाही.

ते परत मिळाले त्याच शेजारणीकडून. चार वर्षांपूर्वी आम्ही दिलेल्या बियांतल्या मूठभर त्यांनी राखेत घोळून मडक्यात ठेवल्या होत्या. सात पेरल्या, तीन उगवल्या, तिन्ही गोड.

तेव्हापासून बियाण्याचे फूल आम्ही बांधतो. दुपारी मादीकळी आणि नरकळी दोन्हींना दोरा गुंडाळावयाचा. संध्याकाळी सोडून नराचा पराग मादीच्या टोकाला लावावयाचा, मादीफूल पुन्हा बांधावयाचे आणि देठाला लाल चिंधी लावावयाची. ते फळ वेलावरच वाळू द्यावे. हलविले की आत बिया खुळखुळतात. रिकामी जाळी भांडी घासावयास उत्तम.

दाराशी टेबलावर पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत दहा बिया आहेत. घरटी एकच न्यावी. पाच पेरा, पाच शेजारी द्या.